खेळण्याच्या पोटांतील संगणक

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

पैसे मोजून घरीं आणलेली वस्तु घेणाऱ्याची झाली, अशी व्यवहारांतील साधी समजूत आहे. पितळेचें पातेलें घेतलें तर त्याला कल्हई कोणाकडून लावावी हें पातेलें विकणारा सांगत नाहीं. शिवणयंत्र घेतलें तर त्यावर कोणतें कापड शिवावें याची परवानगी कारखानदाराकडे मागावी लागत नाहीं. परंतु घराघरांत शिरलेल्या संगणकानें व त्याच्या भाऊबंदांनीं ही समजूत हळूहळू खोटी पाडली आहे. यंत्र घेणाऱ्याच्या टेबलावर असतें, पण त्यांत काय चालावें व काय चालूं नये हें दूर देशींची एखादी कंपनी ठरविते. मुलांच्या खेळाच्या यंत्रांत तर ही गोष्ट पूर्वीपासून गृहीतच धरली गेली आहे. तें यंत्र म्हणजे कुलूप लावलेली पेटी. किल्ली कारखानदाराकडे आणि पेटी गिऱ्हाइकाकडे.

असें असतां, एका कंपनीनें मुलांच्या हातीं द्यावयाचें खेळयंत्र तयार करावें, आणि पेटीबरोबर किल्लीही देऊन टाकावी, ही गोष्ट लक्ष वेधून घेण्यासारखी आहे. ती कशी घडली, त्या किल्लीनें कोणतीं दारें उघडतात व कोणतीं उघडत नाहींत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत बेलव्ह्यू म्हणून गांव आहे. तेथील व्हॉल्व्ह या कंपनीनें २०२१ सालच्या जुलै महिन्यांत 'स्टीम डेक' नांवाचें हातांत धरावयाचें एक यंत्र जाहीर केलें. तें त्याच वर्षाच्या अखेरीस मिळावयाचें होतें. परंतु सुट्या भागांच्या टंचाईमुळें दोन महिने उशीर झाला, आणि पहिलीं यंत्रें गिऱ्हाइकांकडे रवाना झालीं तीं २८ फेब्रुवारी २०२२ या दिवशीं. त्या वेळीं त्याचे तीन प्रकार होते व त्यांच्या किंमती ३९९, ५२९ आणि ६४९ डॉलर अशा होत्या. तिघांतील मुख्य फरक सांठवणुकीच्या जागेचा. यंत्राचा मेंदू तिन्हींत एकच.

यंत्राचें रूप असें : मध्यें सात इंची पडदा, दोन्ही बाजूंस हाताच्या पकडीसाठीं फुगीर कडा, आंगठ्यांनीं फिरवावयाच्या दोन दांड्या, त्यांच्या खालीं बोट फिरविण्यासाठीं दोन चौकोनी पृष्ठें, आणि बोटें जेथें सहज टेकतात तेथें पाठीमागें चार बटणें. वजन ६६९ ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन-तृतीयांश किलो. पडद्यावर आडवे १२८० व उभे ८०० बिंदु. पोटांत एएमडी या कंपनीनें मुद्दाम तयार केलेली, गणित व चित्रण हीं दोन्ही कामें करणारी एकच चकती, आणि १६ गिगाबाइट स्मरणशक्ति. पुढें २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत याच यंत्राची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिचा पडदा ७·४ इंचांचा व अधिक तेजस्वी, विजेरी अधिक मोठी, आणि वजन मात्र २९ ग्रॅमनीं कमी.

परंतु हीं सर्व बाह्यांगें झालीं. अशीं अंगें असलेलीं दुसरींही यंत्रें बाजारांत आहेत. या यंत्राचें वैशिष्ट्य त्याच्या अंतरंगांत, म्हणजे त्याच्या कार्यप्रणालींत आहे. कार्यप्रणाली, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम या नांवानें ओळखतात, ती संगणकाच्या घरांतील कारभारीण होय. कोणत्या आज्ञावलीला किती जागा द्यावयाची, पडदा कोणाच्या स्वाधीन करावयाचा, बटण दाबलें गेल्याची वर्दी कोणाला द्यावयाची, हें सर्व ती पाहते. बहुतेक घरगुती संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कारभारीण असते. स्टीम डेकवर मात्र 'स्टीम ओएस' आहे, आणि तिचा पाया लिनक्स या मुक्त प्रणालीचा आहे.

येथें 'मुक्त' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट असा त्याचा मुख्य अर्थ नव्हे. हलवायाच्या दुकानांतून आणलेली बर्फी खातां येते. पण तींत काय काय घातलें आहे, साखर कमी करतां येईल काय, हें गिऱ्हाइकाला कळत नाहीं. उलट शेजारच्या घरीं गृहिणीनें कृतीसकट बर्फी दिली, तर घेणारी ती कृति वाचूं शकते, तींत वेलदोडा वाढवूं शकते, आणि सुधारलेली कृति तिसऱ्या घरीं देऊं शकते. संगणकाच्या आज्ञावलीचीही अशीच एक कृति असते. माणसाला वाचतां येईल अशा रूपांत ती लिहिलेली असते व तिला मूळ संहिता म्हणतात. ही संहिता वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक ज्या आज्ञावलीबरोबर मिळते, ती मुक्त आज्ञावली.

या विचाराचा उगम एका कागद अडकणाऱ्या छपाईयंत्रांत आहे, असें सांगितलें तर नवल वाटेल. १९८० सालच्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचे तरुण संशोधक काम करीत. तेथील जुन्या छपाईयंत्राच्या आज्ञावलींत त्यांनीं अशी सोय केली होती कीं, कागद अडकला म्हणजे ज्यांचीं कामें खोळंबलीं असतील त्यांच्या पडद्यावर तशी सूचना जावी. पुढें झेरॉक्स कंपनीचें नवें यंत्र आलें. त्यांतही कागद अडकत असे. परंतु त्याची मूळ संहिता मिळाली नाहीं, आणि ज्याच्यापाशीं ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठांतील गृहस्थानें, ती कोणास न देण्याचें वचन दिल्यामुळें, नकार दिला. दुरुस्त करतां येण्याजोगी अडचण केवळ परवानगीअभावीं सोसावी लागते, हें स्टॉलमन यांच्या मनाला लागलें. १९८३ सालीं त्यांनीं 'ग्नू' या नांवानें एक संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ सालीं तिच्यासाठीं एक परवाना लिहिला. त्या परवान्याची मुख्य अट मोठी मार्मिक आहे : घेणाऱ्यानें हवा तो बदल करावा, मात्र बदललेली वस्तु दुसऱ्यास देतांना त्यालाही तीच मोकळीक द्यावी. स्वतः उघड्या दारानें आंत आलेल्यानें मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावूं नये, एवढाच त्याचा भावार्थ.

या प्रणालीला गाभ्याची उणीव होती. ती १९९१ सालीं फिनलंडच्या राजधानींतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें भरून काढली. केवळ छंद म्हणून आरंभिलेल्या या गाभ्याला लिनक्स हें नांव मिळालें, आणि पुढल्याच वर्षीं तो स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं आला. आज जगांतील बहुसंख्य मोठे संगणक व अँड्रॉइडचे असंख्य दूरध्वनि या गाभ्यावर चालतात. घरगुती टेबलावर मात्र त्याला फार थोडी जागा मिळाली; आणि त्याचें एक मोठें कारण खेळ हें होतें. संगणकावरील खेळ बहुतेक सर्व विंडोजसाठींच लिहिले जात. ज्याला खेळावयाचें असेल त्यानें विंडोज घ्यावी, असा जणूं अलिखित नियमच झाला होता.

आतां व्हॉल्व्ह कंपनीनें हा नियम मोडावयाचें मनांत कां आणलें? यांत परोपकारापेक्षां दूरदृष्टीचा भाग अधिक होता. कंपनीचे संस्थापक गेब न्यूवेल हे पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येंच अनेक वर्षें नोकरीस होते. १९९६ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर व्हॉल्व्ह काढली, आणि २००३ सालीं तिनें 'स्टीम' नांवाचें खेळांचें दुकान उघडलें. हें दुकान जवळजवळ सर्वस्वीं विंडोजच्या जागेंत भाड्यानें राहिल्यासारखें होतें. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजची आठवी आवृत्ति आणली व तिच्याबरोबर स्वतःचें दुकानही थाटलें. घरमालकानेंच तळमजल्यावर तोच धंदा सुरू केला म्हणजे भाडेकरूला दुसरी जागा शोधावी लागते. न्यूवेल यांनीं त्या वर्षीं जाहीरपणें या आवृत्तीला मोठी आपत्ति म्हटलें, आणि २०१३ सालीं स्टीमचें दुकान लिनक्सवरही उघडलें.

पहिला प्रयत्न फसला. २०१३ सालच्या अखेरीस स्टीम ओएसची पहिली आवृत्ति निघाली, व २०१५ सालच्या नोव्हेंबरांत 'स्टीम मशीन' नांवाचे दिवाणखान्यांत ठेवावयाचे संगणक बाजारांत आले. परंतु त्यांवर खेळावें काय? विंडोजसाठीं लिहिलेले खेळ त्यांवर चालत नसत, आणि गिऱ्हाईक थोडें म्हणून खेळ लिहिणारे लिनक्सकडे वळत नसत. खेळ नाहींत म्हणून गिऱ्हाईक नाहीं, आणि गिऱ्हाईक नाहीं म्हणून खेळ नाहींत. या चक्रांत तो उद्योग कांहीं वर्षांतच विरून गेला.

या चक्रांतून वाट निघाली ती दुभाष्याच्या रूपानें. १९९३ सालापासून कांहीं स्वयंसेवक 'वाइन' नांवाची आज्ञावली रचीत होते. १९९४ सालापासून तिचें नेतृत्व अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे आहे. विंडोजसाठीं लिहिलेली आज्ञावली चालूं लागली म्हणजे ती कारभारणीकडे विंडोजच्या बोलींत मागण्या करते. अमुक धारिका उघड, तमुक आवाज वाजव. वाइन मध्यें उभी राहून ती मागणी ऐकते व लिनक्सच्या बोलींत पोंचविते. येथें विंडोजची नक्कल केलेली नसते, कीं दुसरा संगणक भासविलेला नसतो. भाषेचें रूपांतर तेवढें होतें. म्हणूनच वेग फारसा मंदावत नाहीं.

तथापि खेळांतील चित्रें ही फार अवघड बाब होती. मायक्रोसॉफ्टनें चित्रणासाठीं स्वतःची वेगळी बोली केली आहे. सुदैवानें २०१६ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून 'व्हल्कन' नांवाची खुली चित्रणबोली सिद्ध केली, आणि फिलिप रेबोले या तरुणानें एका बोलींतून दुसऱ्या बोलींत उतरविणारी आज्ञावली लिहिली. व्हॉल्व्हनें हे सर्व धागे एकत्र केले, वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स या संस्थेचें साहाय्य घेतलें, आणि २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें 'प्रोटॉन' या नांवानें हा दुभाष्या लोकांपुढें ठेवला. प्रोटॉनची संहिता खुली आहे. व्हॉल्व्हचें यंत्र ज्याच्याकडे नाहीं, पण साध्या संगणकावर लिनक्स आहे, त्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो. पंचवीस वर्षें ज्यांनीं मोबदल्याची आशा न धरितां भाषांतराचें काम केलें, त्यांच्या श्रमावाचून कंपनीच्या पैशाला कांहींच करतां आलें नसतें. आणि कंपनीच्या पैशावाचून त्यांचें काम घरोघर पोंचलें नसतें. दोहोंचें श्रेय दोघांना द्यावें हें न्यायाचें.

आतां प्रत्यक्ष वापराकडे वळूं या. यंत्र सुरू केलें म्हणजे प्रथम दिसतें तें खेळांचें दालन. विकत घेतलेले खेळ चित्रांच्या ओळींनीं मांडलेले असतात. एखादा निवडावा, उतरवून घ्यावा व खेळावा. मध्यें लिनक्स आहे, प्रोटॉन आहे, याचा मागमूसही लागत नाहीं. हा खेळ या यंत्रावर कितपत चालतो हें कळावें म्हणून कंपनीनें खूण ठेविली आहे : कांहीं 'पारखलेले', कांहीं 'थोडी तडजोड करून खेळतां येणारे', कांहीं 'न चालणारे', व कांहीं 'अद्याप न तपासलेले'. नवख्यानें खेळ विकत घेण्यापूर्वीं ही खूण अवश्य पाहावी. त्यांतही दुसऱ्या वर्गांतील खेळ म्हणजे टाकाऊ खेळ नव्हेत. अक्षरें बारीक असणें, किंवा आरंभीं एकदां कीबोर्ड मागणें, एवढ्याही कारणानें खेळ त्या वर्गांत जातो.

दुसरी सोय घरगुती वापरांत मोलाची आहे. खेळ रंगांत आला असतां आईनें जेवावयास हांक मारली, तर वरचें बटण एकदां दाबावें. यंत्र जागच्या जागीं झोपीं जातें. जेवण आटोपून पुन्हां तेंच बटण दाबलें म्हणजे खेळ जेथें थांबला होता तेथूनच पुढें चालूं लागतो. 'एवढा डाव संपूं दे' या सबबीला मग फारशी जागा उरत नाहीं.

तिसरी गोष्ट विजेची. मूळ यंत्राची विजेरी ४० वॅट-तासांची आहे. यंत्र सर्व मिळून २० वॅट वीज घेऊं लागलें तर ती दोन तासांत संपेल. तेंच ८ वॅटवर चाललें तर पांच तास पुरेल. हें साधें त्रैराशिक आहे, आणि तें सोडविण्याचा अधिकार येथें वापरणाऱ्याच्या हातीं दिला आहे. एक बटण दाबून बाजूची पट्टी उघडली म्हणजे मेंदूनें किती वॅटपर्यंत वीज घ्यावी, सेकंदाला किती चित्रें काढावीं, पडदा किती उजळ असावा, हें ठरवितां येतें. सेकंदाला ६० चित्रांऐवजीं ४० वर समाधान मानलें तर पुष्कळ खेळांत डोळ्यांना फारसें उणें वाटत नाहीं, आणि विजेरी मात्र बरीच अधिक टिकते. काटकसर म्हणजे काय हें मुलाला उपदेशानें जितकें कळत नाहीं तितकें या पट्टीनें कळतें.

परंतु यंत्राचें खरें गुपित याच्यापुढें आहे. बंद करण्याच्या यादींत 'डेस्कटॉपकडे जा' असा एक पर्याय आहे. तो निवडला म्हणजे क्षणार्धांत खेळांचें दालन नाहींसें होतें आणि साध्या संगणकाचें टेबल समोर येतें. हें टेबल के. डी. ई. या मुक्त प्रकल्पाचें आहे. पडद्यावर बाण फिरतो. कीबोर्ड, माउस व मोठा पडदा जोडला कीं कचेरींतील संगणकांत व यांत भेद उरत नाहीं. पत्रें लिहावीं, हिशेबाचे तक्ते करावे, चित्रें रंगवावीं, पायथॉनसारखी भाषा शिकून स्वतः आज्ञावली रचावी. कीबोर्डाच्या यादींतून मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली म्हणजे मराठींतही लिहितां येतें. देवनागरीसाठीं मुक्त परवान्याचे टंकही आहेत. पुण्यांत कार्यालय असलेल्या रेड हॅट कंपनीनें वाटलेला 'लोहित' हा त्यांपैकींच एक.

येथें नवख्यांचा एक गैरसमज वारंवार होतो. त्यांनीं दुसऱ्या लिनक्सवर वाचलेल्या आज्ञा ते येथें जशाच्या तशा देतात आणि यंत्र त्या नाकारतें. मग 'मोकळें म्हणतां आणि हातपाय बांधतां' अशी तक्रार होते. खरी गोष्ट अशी कीं, स्टीम ओएसचा मूळ भाग केवळ वाचण्यापुरता खुला ठेविलेला असतो. त्याच्या दोन प्रती यंत्रांत असतात. नवी आवृत्ति आली कीं ती न वापरल्या जाणाऱ्या प्रतीवर लिहिली जाते, आणि ती बिघडली तर जुन्या प्रतीवर परततां येतें. घरांतील अजाण हातानें कांहीं मोडूं नये म्हणून ही व्यवस्था आहे. मालकानें स्वतःचा परवलीचा शब्द ठरवून एक आज्ञा दिली तर हें कुलूप निघतें. पण त्या भागांत केलेले फेरफार पुढील आवृत्तीबरोबर पुसले जातात. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा कीं, नव्या आज्ञावली 'डिस्कव्हर' या भांडारांतून फ्लॅटपॅक या रूपांत घ्याव्या. त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या भागांत राहतात आणि नव्या आवृत्तीनें त्यांना धक्का लागत नाहीं. शाळेंतील फळा वर्गाचा आणि पाटी विद्यार्थ्याची. पाटीवर हवें तें लिहावें, असा हा भेद आहे.

किल्लीचा खरा पुरावा मात्र याहून वेगळ्या ठिकाणीं मिळतो. ज्याला स्टीम ओएस नको असेल त्यानें ती काढून टाकून दुसरी लिनक्स, किंवा खुद्द विंडोजही, या यंत्रांत घालावी. कंपनी आड येत नाहीं, उलट विंडोजसाठीं लागणाऱ्या चालक-आज्ञावलीही तिनें स्वतः दिल्या. यंत्राच्या कवचाचे आराखडेही तिनें २०२२ सालीं लोकांना खुले केले. पाठीमागचे आठ स्क्रू काढले कीं आंतील भाग दिसतात. आंत हात घालण्याचा धोका कंपनीनें आधींच चित्रफितींतून समजावून सांगितला, तो न पत्करण्याचा सल्लाही दिला. परंतु यंत्र मालकाचें आहे व तें उघडण्याचा त्याला हक्क आहे, हेंही त्याच चित्रफितींत मान्य केलें. आयफिक्सिट या संस्थेमार्फत सुट्या भागांचीही विक्री झाली. भारतांतील कुटुंबांना ही बाब विशेष महत्त्वाची. आरंभीं हें यंत्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन व युरोपीय संघ येथेंच विकलें गेलें. येथील घरांत तें येतें तें बहुधा परदेशस्थ आप्ताच्या सामानांतून किंवा आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडून. अशा यंत्राची दांडी सैल झाली तर तें परदेशीं धाडणें परवडत नाहीं. गांवांतील कुशल कारागिरानें तें उघडून नीट केलें तरच तें जगतें. आणि ज्याचें पोट उघडतां येतें त्याच यंत्राला असा वैद्य मिळतो.

इतकी स्तुति झाल्यावर उणिवाही तितक्याच स्पष्टपणें सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव अशी कीं, अनेकजण दूरदूर बसून एकमेकांशीं खेळतात असे कांहीं प्रसिद्ध खेळ येथें चालत नाहींत. अशा खेळांत लबाडी रोखण्यासाठीं पहारेकरी-आज्ञावली असते, आणि तिला पुष्कळदां विंडोजच्या अगदीं गाभ्यांत बसावयाचें असतें. लिनक्सवर तें शक्य होत नाहीं; आणि शक्य केलें तरी, जेथें मालक स्वतः गाभा बदलूं शकतो तेथें पहारेकऱ्याचा विश्वास बसत नाहीं. 'एपेक्स लेजंड्स' हा खेळ या यंत्रावर आधीं चालत असे. २०२४ सालच्या ऑक्टोबर अखेरीस, लबाडीचें कारण देऊन, त्याच्या चालकांनीं लिनक्सवरील सर्वच खेळाडूंना दार बंद केलें. म्हणजे प्रामाणिक खेळाडूला मोकळेपणाचा दंड भरावा लागला. ज्या घरांतील मुलाचे सर्व मित्र असाच एखादा खेळ खेळतात, त्या घरीं हें यंत्र निरुपयोगी ठरण्याचा संभव आहे; तें घेण्यापूर्वींच पाहावें.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. कार्यप्रणाली मुक्त, दुभाष्या मुक्त, टेबल मुक्त; पण जें दुकान या सर्वांच्या दर्शनी भागीं बसलें आहे तें स्टीम मात्र मुक्त नाहीं. त्याची संहिता कंपनीच्या तिजोरींत आहे. तेथें घेतलेला खेळ हा पुस्तकासारखा घेणाऱ्याच्या मालकीचा होत नाहीं. तो वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. तो मुलाला वारसा म्हणून देतां येत नाहीं, कीं रद्दीवाल्याच्या दुकानीं अर्ध्या किंमतीला विकतां येत नाहीं. ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितली गेली पाहिजे असा कायदा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं केला व तो २०२५ सालच्या आरंभापासून अमलांत आला. म्हणजे कपाट घेणाऱ्याचें झालें, पण कपाटांतील पुस्तकें वाचनालयाचीं राहिलीं. मात्र येथें एवढें खरें कीं, कपाट मोकळें असल्यामुळें त्यांत दुसरीकडचीं पुस्तकेंही ठेवतां येतात. दुसऱ्या दुकानांतील खेळ, किंवा मुक्त परवान्याचे खेळ, डेस्कटॉपवरून घालण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

तिसरी उणीव ही कीं, मोकळेपणा मेहनत मागतो. पारखलेल्या खेळांच्या पलीकडे गेलें कीं कधीं प्रोटॉनची जुनी आवृत्ति लावून पाहावी लागते, कधीं एखादी अक्षरओळ टंकावी लागते, कधीं काल चाललेलें आज अडतें. ज्याला केवळ करमणूक हवी त्याला हें जाच वाटेल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु ज्या मुलाला 'हें असें कां?' असा प्रश्न पडतो, त्याला येथें उत्तराच्या शोधांत भिंत आडवी येत नाहीं. बंद यंत्रांत प्रश्नाचें उत्तर 'परवानगी नाहीं' हें असतें. येथें तें 'वाचून पाहा' हें असतें. या दोन उत्तरांवर वाढलेलीं दोन मुलें पुढें एकसारखीं निघणार नाहींत.

खेळण्यांत वेळ फुकट जातो, ही वडीलधाऱ्यांची काळजी अर्थातच खरी आहे, आणि मुक्त प्रणालीवर खेळल्यानें तो वेळ आपोआप सत्कारणीं लागत नाहीं. किल्ली दिली म्हणून कोणी दार उघडतोच असें नाहीं. कित्येक मुलें खेळांच्या दालनांतून कधीं बाहेर पडणारही नाहींत. परंतु दार असणें आणि भिंत असणें यांत अंतर आहे, आणि तें दार दाखवून देणें हें घरांतील मोठ्यांचें काम आहे. मुलाबरोबर एखाद्या सुटीच्या दुपारीं तो डेस्कटॉपचा पर्याय निवडून, मराठीची मांडणी लावून, आजीला एक पत्र लिहवून घेतलें, तर खेळणें म्हणून आणलेल्या वस्तूकडे तें मूल त्या दिवसापासून निराळ्या दृष्टीनें पाहूं लागेल.

२०२५ सालच्या मे महिन्यांत लेनोव्हो या दुसऱ्या कंपनीनेंही स्टीम ओएस असलेलें हातांतील यंत्र बाजारांत आणलें. एकानें खणलेल्या विहिरीचें पाणी दुसऱ्याच्या शेताला मिळूं लागलें, तें विहीर खणणाऱ्या असंख्य अनामिकांनीं पाण्यावर पहारा ठेवला नाहीं म्हणून. व्हॉल्व्ह कंपनी उद्यां आपलें धोरण बदलील, दुकानाचे नियम कडक करील, किंवा हें यंत्र काढावयाचें थांबवील; व्यापाराच्या जगांत हें अशक्य नाहीं. परंतु लिनक्स, वाइन आणि प्रोटॉन यांची जी कृति लोकांच्या हातीं आली आहे ती आतां परत घेतां येणार नाहीं. कागद अडकलेल्या त्या छपाईयंत्रापाशीं एका माणसानें विचारलेला प्रश्न असा चाळीस वर्षांनीं एका मुलाच्या खेळण्यांत येऊन पोंचला आहे : जी वस्तु माझी, ती मला समजून घेण्याचा हक्क आहे कीं नाहीं? पैसे देऊन एखादें यंत्र घरीं आणतांना हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याची संवय जर आजच्या कुटुंबांना लागली, तर तीच या खेळण्याची मोठी कमाई ठरेल.